राहतो परळला, फ्लॅट मीरा रोडला, घर राजापूरला: दावा कुठल्या कोर्टात लावायचा?

प्रश्न लांब आहे, म्हणून आधी थोडक्यात मांडतो. विचारणारे गृहस्थ परळला चाळीत राहतात. मीरा रोडच्या एका प्रकल्पात त्यांनी फ्लॅट घेतला. करारनामा नोंदवलेला आहे, 36 लाख भरून झालेत, ताबा नाही. बिल्डरचं ऑफिस अंधेरीत. करारात छापलंय, 'सर्व वाद मुंबई न्यायालयाच्या अधीन'. तगादा लावल्यावर बिल्डरनं परतफेडीपोटी 10 लाखांचा चेक दिला. तो 19 दिवसांपूर्वी न वटता परत आला. चुलतभाऊ म्हणतात ठाण्याला जा, मित्र म्हणतो राहतोस तिथं केस होते, आणि करार तिसरंच सांगतो. जोडीला गावच्या, राजापूर तालुक्यातल्या घराच्या वाटपाचा वाद आहे. भाऊबंद सगळे मुंबई-ठाण्यात, म्हणून तो दावाही इथंच लावता येईल का, असं त्यांनी विचारलंय.

चोवीस वर्षं फोर्टच्या कोर्टांतून वकिली करतोय. पक्षकार येतो तो 'साहेब, माझी केस कुठल्या कोर्टात?' हे विचारत. मी उलट विचारतो, 'तुम्हाला नेमकं काय पाहिजे? ताबा, पैसे, शिक्षा की हिस्सा?' कारण कोर्टाचं ठिकाण तुमच्या पत्त्यावरून ठरत नाही, अन्याय किती मोठा यावरूनही नाही. ते तुमच्या मागणीवरून ठरतं. एकाच फ्लॅटच्या एकाच भांडणात चार मागण्या असतील, तर चार वेगळ्या ठिकाणांचे दरवाजे उघडतात, आणि त्यातला एखादा तुमच्यासाठी बंदही असतो. तुमच्याच प्रकरणावर हे दाखवतो.

आधी ताबा. समजा तुम्ही दिवाणी कोर्टात म्हणालात, करारानुसार मला फ्लॅट द्या. दिवाणी प्रक्रिया संहिता 1908 ची आहे. तिच्या कलम 16 चा साधा अर्थ असा, की जमीन चालत कोर्टात येत नाही, कोर्टानं जमिनीपाशी असावं. स्थावर मिळकतीचा ताबा, वाटप, तिच्यावरचा हक्क किंवा बोजा, या गोष्टी मिळकत ज्या कोर्टाच्या हद्दीत तिथंच. मीरा रोड ठाणे जिल्ह्यात आहे, म्हणजे ठाणं. इथं मुंबईकरांचा हमखास घोटाळा होतो. ठाण्याचा पिनकोड 400 नं सुरू होतो, मीरा रोडच्या लँडलाइनला 022 लागतो, लोकल तीच, म्हणून सगळं मुंबईच वाटतं. कोर्टाच्या लेखी मुंबई दहिसरला, मुलुंडला आणि मानखुर्दला संपते. दहिसरच्या शेवटच्या इमारतीतल्या फ्लॅटचा दावा मुंबईत, आणि नाक्यापलीकडच्या पहिल्या इमारतीतल्या फ्लॅटचा ठाणे जिल्ह्यात. वसई-विरारवाल्यांनी तर हेही लक्षात ठेवावं, की 1 ऑगस्ट 2014 पासून त्यांचा जिल्हा पालघर आहे.

'पण करारात मुंबई कोर्ट लिहिलंय ना?' लिहिलंय, आणि दोन्हीकडच्या सह्याही आहेत. तरी ताब्याच्या दाव्यात ते कलम उपयोगाचं नाही. ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही, त्याला दोन माणसं आपसांत ठरवून अधिकार देऊ शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं 1971 मध्ये हाकम सिंग प्रकरणात सांगितलं. अधिकार असलेली दोन कोर्टं असतील, तर त्यातलं एक निवडायला मात्र मोकळीक आहे. 2005 चा हर्षद मोदी प्रकरणातला निकाल तर तुमच्यासारख्या प्रत्येक फ्लॅटधारकानं समजून घ्यावा असा आहे. प्लॉट गुडगावचा, करार दिल्लीत, पैसे दिल्लीत भरलेले, कंपनीचं ऑफिस दिल्लीत. दावा दिल्लीत लागला, समोरच्यानं सुरुवातीला दिल्लीचं अधिकारक्षेत्र मान्यही केलं. काही वर्षांनी त्यानं हरकत घेतली आणि सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. जमीन गुडगावला, म्हणून दिल्लीच्या कोर्टाला अधिकारच नव्हता, आधी दिलेल्या संमतीनं तो निर्माण होत नाही. वादीची इतकी वर्षं गेली ती गेलीच.

आता मागणी बदला. ताबा नको, भरलेले पैसे व्याजासह परत हवेत. हा पैशाचा दावा झाला आणि तो कलम 20 मध्ये येतो: प्रतिवादी जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथं, किंवा वादाचं कारण पूर्ण अथवा अंशतः जिथं घडलं तिथं. ऑफिस अंधेरीत, म्हणून मुंबई. फ्लॅट तिथं द्यायचा होता, म्हणून ठाणंही. दोन्ही कोर्टांना अधिकार आहे, आणि मघाशी निरुपयोगी ठरलेलं करारातलं तेच वाक्य इथं चालतं, कारण आता ते अधिकार असलेल्या दोघांतून एकाची निवड करतंय. त्यात 'फक्त' हा शब्द नसला तरी चालतं, हे 2013 साली स्वस्तिक गॅसेसच्या प्रकरणात स्पष्ट झालं. मात्र या दाव्यात 'पैसे मिळेपर्यंत फ्लॅटवर बोजा ठेवावा' अशी एक ओळ घातलीत, की स्थावर पुन्हा आलं आणि तुम्ही परत ठाण्यात. अशी एक ओळ मागणीत घालताना वकिलाचाही हात थबकला पाहिजे.

'मुंबई कोर्टाच्या अधीन' या छापील ओळीबद्दल आणखी थोडं सांगतो, कारण मशीद बंदरच्या पावतीपासून नोकरीच्या नेमणूकपत्रापर्यंत ती सगळीकडे असते. कंपनीचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे एवढ्यानं मुंबईचं कोर्ट होत नाही. 1991 मध्ये एका वाहतूक कंपनीच्या खटल्यात करारात मुंबईच लिहिलं होतं आणि मुख्य कार्यालयही इथंच होतं. पण माल दक्षिणेतल्या शाखेत दिला होता आणि वादाचं कारण तिकडचं होतं. शाखा आहे आणि कारणही तिथंच घडलंय, तर कंपनी तिथंच धंदा करते असं धरायचं, म्हणून मुंबईला अधिकार नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. उलट एप्रिल 2025 मध्ये एका खासगी बँकेच्या पाटणा आणि दिल्लीच्या कर्मचाऱ्यांना, नोकरीच्या करारातल्या मुंबईच्या कलमामुळे, इथंच दाद मागावी लागेल असा निकाल आला, कारण नेमणुकीचे आणि काढून टाकण्याचे निर्णय मुंबईत झाले होते. दोन्ही निकाल शेजारी ठेवले की कळतं, छापील ओळीला बळ येतं ते त्या गावात खरंच काही घडलेलं असेल तरच. पाटण्याच्या कारकुनानं मुंबईला येऊन लढायचं, हे मला अजून पटत नाही. पण आज कायदा तसा आहे, आणि सही करण्याआधी ती ओळ वाचायला हवी.

एवढं दिवाणी कोर्टाचं सांगितलं खरं, पण तुमच्यासाठी तो रस्ता मुळात बरोबर नाही. प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेला असेल, तर रेरा कायद्याच्या कलम 79 नं प्राधिकरणाच्या अखत्यारीतल्या बाबी दिवाणी कोर्टापासून काढून घेतल्या आहेत. तुमच्यापुढे खरे पर्याय दोन आहेत: महारेरा आणि ग्राहक आयोग. महारेराला मुंबई की ठाणे हा प्रश्नच नाही, सगळ्या महाराष्ट्रासाठी ते एकच, आणि तक्रार ऑनलाइन दाखल होते. ताबा वेळेत दिला नाही, तर कलम 18 प्रमाणे प्रकल्पातून बाहेर पडून व्याजासह पैसे मागता येतात. ठिकाणाचा मुद्दा इथं वेगळ्या वेळी येतो, वसुलीच्या वेळी. बिल्डरनं आदेश पाळला नाही तर वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. म्हणून बिल्डरची मालमत्ता कोणत्या जिल्ह्यात आहे, याची माहिती आजपासून गोळा करा. आदेश हातात घेऊन वर्षानुवर्षं फिरणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना हा प्रश्न कुणी वेळेत विचारलाच नव्हता.

ग्राहक आयोगाच्या बाबतीत तुमच्या मित्राचं म्हणणं खरं आहे. 'राहतोस तिथं केस होते' हे पूर्वी खोटं होतं. जुन्या, 1986 च्या कायद्यात समोरच्याचा पत्ता किंवा वादाचं कारण बघितलं जायचं. 20 जुलै 2020 पासून लागू झालेल्या 2019 च्या कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथंही तक्रार करण्याची सोय केली. तुम्ही परळला राहता, म्हणजे मुंबईचा जिल्हा आयोग. भरलेली रक्कम 50 लाखांच्या आत आहे, म्हणून जिल्हा आयोगच, राज्य आयोग नाही. करारातल्या छापील ओळीनं हा हक्क जात नाही. महारेरा की ग्राहक आयोग, यातलं एक निवडा, एकाच मागणीसाठी दोन्हीकडे धावू नका. निव्वळ परतावा आणि व्याज हवं असेल, तर माझा कल महारेराकडे आहे. मानसिक त्रासाची भरपाई, भरलेलं भाडं असं बरंच काही एकत्र मागायचं असेल, तर ग्राहक आयोग. आणि एक कळकळीनं सांगतो: पैसे खात्यात येईपर्यंत रद्दलेखावर, म्हणजे फ्लॅटचा करार रद्द केल्याच्या कागदावर, सही करू नका. तो झाला की फ्लॅटवरचा तुमचा हात सुटतो आणि हातात फक्त वचन उरतं.

कायद्याचं ठिकाण हळूहळू दुबळ्या बाजूच्या घराकडे सरकतंय, हे मी माझ्या उमेदीच्या काळापासून बघत आलोय आणि मनापासून बरं वाटतं. 1994 च्या दुरुस्तीनं मोटार अपघातातल्या जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात दावा करता येऊ लागला. घाटात गाडी उलटली म्हणून विधवेनं घाटातल्या तालुक्याला खेपा घालायच्या, हे थांबलं. 2003 मध्ये हिंदू विवाह कायद्यात पत्नीला ती राहते तिथं अर्ज करण्याची मुभा आली. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात तर ती तात्पुरती राहत असली तरी पुरतं. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सासरच्या छळानं घर सोडलेली बाई जिथं आसरा घेते, तिथंही छळाची तक्रार चालेल, कारण छळाचे परिणाम ती माहेरीही भोगत असते. लालबागच्या माहेरी आलेल्या मुलीला 'सासर नागपूरला, तिकडे जा' असं आता कुणी सांगितलं, तर ऐकून घेऊ नका.

आणि पोलीस ठाण्यात 'हे आमच्या हद्दीत येत नाही' म्हणाले, तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगा. दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कुठंही घडला असो, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ती घ्यायची आणि हद्दीच्या ठाण्याकडे पाठवायची, हे त्यांचं काम. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. फसवणुकीचा गुन्हा होतो की नाही हा वेगळा विषय, त्यासाठी कागद बघावे लागतील.

आता चेक. तुमच्या सगळ्या प्रश्नात घाईची गोष्ट हीच आहे, आणि तुम्ही ती एका ओळीत लिहिलीत. चेक न वटल्याच्या खटल्याचं ठिकाण हा आमच्या पिढीच्या वकिलांनी तीनदा नव्यानं शिकलेला धडा आहे. 1999 च्या निकालानं पाच ठिकाणं दिली होती: चेक लिहिला तिथं, वटवायला टाकला तिथं, परत आला तिथं, नोटीस दिली तिथं, पैसे द्यायचे राहिले तिथं. चेक घेणारा आपल्या सोयीचं गाव निवडायचा. 1 ऑगस्ट 2014 ला दशरथ राठोड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते बंद केलं: चेक देणाऱ्याची बँक जिथं, तिथंच. देशभर तक्रारी परत दिल्या जाऊ लागल्या आणि कोर्टाच्या आवारात गठ्ठे बांधून नेणाऱ्या लोकांची गर्दी झाली. मग 2015 मध्ये कायदाच बदलला. आता चेक खात्यात भरला असेल, तर ज्याला पैसे मिळायचे त्याचं खातं ज्या शाखेत, त्या शाखेच्या हद्दीतलं कोर्ट.

'खातं ज्या शाखेत' हे शब्द नीट वाचा. चेक कोणत्या शाखेच्या पेटीत टाकलात याला महत्त्व नाही. कायद्यात खुलासा आहे, की कुठल्याही शाखेत टाकला तरी तो तुमच्या मूळ शाखेतच दिला असं धरायचं. मुंबईत राहणाऱ्या कोकणी माणसाचं खातं कितीदा तरी गावच्या शाखेत असतं, वडिलांनी उघडून दिलेलं. पंचवीस वर्षं व्यवहार परळच्या एटीएमवर होतात, पण पासबुकाच्या पहिल्या पानावर राजापूर. तसं असेल, तर अंधेरीच्या बिल्डरविरुद्धचा खटला राजापूरच्या मॅजिस्ट्रेटपुढं चालेल. खातं मुंबईच्या शाखेत असेल, तर मुंबईतलं कोणतं मॅजिस्ट्रेट कोर्ट, हे शाखा कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते त्यावरून कळतं. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असेल आणि तुमचं दुसरं खातं मुंबईच्या शाखेत असेल, तर चेक त्या खात्यातून पुन्हा भरता येतो. पुन्हा परत आला, तर मुदत त्या दिवसापासून नव्यानं मोजायची. मात्र एकदा नोटीस पाठवली आणि तिचे पंधरा दिवस उलटून गेले, की मग हा मार्ग धरू नका.

मुदतीचं गणित असं: चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी मागणीची नोटीस, ती मिळाल्यापासून बिल्डरला 15 दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात कोर्टात तक्रार. तुमचे 19 दिवस गेलेत.

चुकीच्या कोर्टात गेल्यानं काय होतं, हे एका बाईंमुळे माझ्या मनात कायमचं बसलंय. डोंबिवलीतल्या दुकानगाळ्याच्या ताब्यासाठी त्यांच्या आधीच्या वकिलानं मुंबईत दावा लावला होता, कारण बाई गिरगावात राहत आणि गाळा अडवणारा दीरही तिथंच. समोरच्यानं कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, हद्दीची हरकत घेतली होती. तिच्यावर निर्णय व्हायला पाच वर्षं गेली आणि दावा योग्य कोर्टात लावण्यासाठी परत मिळाला. तेवढ्यात गाळ्याचा व्यवहार डोळ्यांनी पाहिलेला एकमेव साक्षीदार वारला. त्या माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत सगळे कागद तारीखवार लावलेले होते, एकही हरवला नव्हता. दावा परत मिळाला की नव्या कोर्टात तो पहिल्या पानापासून सुरू होतो, झालेली साक्ष धरली जात नाही, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी पक्कं केलंय. मुदत कायद्याच्या कलम 14 नं चुकीच्या कोर्टात गेलेला काळ वगळून मिळतो, पण तुम्ही प्रामाणिकपणे आणि दक्षतेनं लढत होता हे दाखवलं तरच. समोरच्यानं पहिल्या तारखेला हरकत घेतली आणि तुम्ही हट्टानं तिथंच राहिलात, तर दक्षता कुठली दाखवणार? तुम्हीच प्रतिवादी असाल, तर उलट लक्षात ठेवा: हद्दीची हरकत अगदी सुरुवातीला, कोर्टानं वादाचे मुद्दे काढण्याआधी घ्यायची. त्यानंतर घेतलेली हरकत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 21 प्रमाणे सहसा ऐकली जात नाही.

राहिलं राजापूरचं घर. हे वाटप आहे, स्थावर आहे, म्हणून कलम 16 आणि राजापूर. सगळे भाऊबंद परळ-डोंबिवलीत राहतात, गावी घराला कुलूप आहे, तरी फरक पडत नाही. एकत्र कुटुंबाची एखादी जागा डोंबिवलीतही असेल आणि तिचंही वाटप याच दाव्यात हवं असेल, तर कलम 17 प्रमाणे दोन्हीपैकी कोणत्याही एका ठिकाणी सगळ्याचा मिळून दावा लावता येतो, आणि तुम्हा सर्वांना कल्याणचं कोर्ट गावापेक्षा जवळ पडेल. पण ती जागा खरोखर सामाईक हवी. भावानं स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट नुसता जवळचं कोर्ट मिळावं म्हणून दाव्यात ओढू नका, सामाईक नाही असं ठरलं की सगळा डोलारा कोसळतो. तुमच्या परळच्या खोलीचा मालकाशी काही वाद असेल, तर तो यात मिसळू नका. भाडेकरू-मालक वाद भाडं कितीही असलं तरी लघुवाद न्यायालयात, म्हणजे तुम्हाला धोबीतलावला.

अपिलाचाही विचार आधीच करून ठेवा. राजापूरच्या निकालावर रत्नागिरीला अपील होईल, आणि त्यापुढं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं तर पूर्वी ते फोर्टात, तुमच्या घरापासून अर्ध्या तासावर चालायचं. 18 ऑगस्ट 2025 पासून रत्नागिरी जिल्हा कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेलाय. गावाकडच्या माणसाची मोठी सोय झाली, मुंबईत राहून गावची केस लढणाऱ्याला मात्र आता घाट चढावा लागेल. शक्य असेल, तर भाऊबंदांनी या गणपतीत एकत्र बसून वाटपपत्र करून ते राजापूरच्या दुय्यम निबंधकांकडे नोंदवावं. मी स्वतः अशी तीन-चार वाटपं ओटीवर बसून करून दिली आहेत.

पण आधी चेक. उद्या सकाळी पासबुक काढा, पहिल्या पानावरची शाखा बघा, चेक परत आल्याचा बँकेचा मेमो घ्या आणि वकिलाकडे जा. नोटिशीला 11 दिवस उरलेत. महारेराची तक्रार त्यानंतरच्या आठवड्यात लिहिली तरी चालेल.